ममताचा समुद्र अन् साहेबांचं निदान

मी मारेगावचा कृषी सहायक. कपाशीचं पान दुरून पाह्यलं तरी रोग सांगतो. (आमच्या अंगणातला कढीपत्ता तवा तीन वर्षांपासून पिवळा पडून राह्यलता, त्याले लोहाची कमतरता होती. औषध चालू होतं.) त्या सालांत बोंडअळीनं अन् लाल्यानं असा धुमाकूळ घातलता, की लोक मले लग्नाच्या पंगतीतही पान दाखवून विचारत, "साहेब, हे काय व्हय?"

असा मी, अन् माह्याच घरात रोगी निघाला.

झालं असं. आमच्या घरच्या मंडळीनं, म्हणजे ममतानं, जलमात समुद्र पाह्यला नाही. म्हणून आमच्या पोरीनं, प्रियंकानं, चेन्नईले नोकरीवर जायच्या आधी बैठकीत काचेची टाकी बसवली. खारं पाणी, निळा लाइट अन् मधात एक जिवंत कोरल. दिसायले पावसाळ्यातल्या टेकोड्याच्या छत्रीवाणी, वरून बारीक बारीक बोटं. पोरगी गेल्यावर ममता धड जेवे ना, बोले ना. मंग एक दिवस पाह्यतो तं टाकीसमोर बसून म्हणून राह्यली, "उठली का माय?" अन् कोरल बोटं उघडून डुलून राह्यलं. तवापासून घराले घरपण आलं. खोटं कायले बोलू, मीही चोरून त्याले गुड मॉर्निंग करत होतो.

मंग ममता बहिणीकडे महागावले निघाली. जाता जाता बजावलं, "अजी, टाकीतलं पाणी उडून कमी झालं का कॅनचंच पाणी टाकजा. आपलं डोकं चालवू नोका."

"मले शिकवते का? अवं, मी सरकारी माणूस!"

"म्हणूनच सांगून राह्यली."

पण माह्या मनाले पटे ना. घरच्या लेकरावाणी जीव, अन् त्याले विकतचं पाणी? माह्याजवळ तांब्याचा गुंड आहे. रातभर त्यात ठेवलेलं पाणी मी तीन वर्षांपासून रोज सकाळी पेत होतो, अन् ममतालेही गिलास भरून हातात देत होतो. अमृत! तेच टाकत गेलो, रोज, मायेनं.

थोड्याच दिवसांत कोरलनं बोटं मिटली. अंग सुरकुतलं, रंग उतरला. मी भिंग घेऊन बसलो. मावा? नाही. तुडतुडे? नाही. (पाण्यात तुडतुडे कुठून येतीन, हे मागून सुचलं.) तेवढ्यात उकंडाभाऊ आपल्या कपाशीचं लाल पान घेऊन आले, अन् मले काचेले नाक लावलेलं पाहून दारातच थबकले.

"साहेब, समुद्रातही लाल्या आला का?"

"ते सोडा. आधी सांगा, तुम्ही काय टाकलं?"

"काईच नाही, साहेब. आईची आण."

सारे हेच सांगतात. मंग खोदून विचारलं का हळूहळू औषधांची नावं निघतात.

उकंडाभाऊ गेले, तसा मी प्रियंकाले व्हिडिओ कॉल लावला. तिनं कोरल पाह्यलं अन् म्हणे, "बाबा, आधी सांगा, तुम्ही काय टाकलं?"

"काईच नाही वं. तुह्या आईची आण."

"बाबा..."

"थोडंसं पाणी."

"कोणतं?"

"गुंडातलं. आरोग्याले चांगलं असते..."

"तांब्याच्या?" पोरगी किंचाळली. "अहो, कोरलले तांबं म्हणजे जहर!"

ममता आली, अन् हे मेलेलं दिसलं तं? तिनं पुन्हा बोलणंच सोडलं तं? पोरीनं सांगितलं तसं टाकीतलं पाणी काढलं, तिनं ठेवलेलं मीठ नव्या पाण्यात कालवून टाकलं, तांबं शोषायले कोळशाची पिशवी सोडली. मंग हात जोडले, "माय, उघड वं. माह्यासाठी नाही, तिच्यासाठी."

ममता आली ते बॅग खांद्यावर ठेवूनच टाकीसमोर बसली. "काय वं माय, रुसली का?"

कडेचं एक बोट हललं. मंग दुसरं. मले रडूच आलं, अन् रडता रडता सारं कबूल करून टाकलं. वाटलं, आता काही खैर नाही.

ममता हसली. "तुमचं पाणी कोणालेच मानवत नाही जी. मलेही मळमळते."

"मंग तू रोज पेत होती ते?"

"तुम्ही इतक्या मायेनं गिलास देता, नाही कसं म्हणू? तुमची पाठ फिरली का कढीपत्त्याले ओतत होती."

आता गुंड माळ्यावर आहे. कोरल डुलते, ममता बोलते, अन् कढीपत्ता असा हिरवागार झाला, की उकंडाभाऊ परवा विचारत होते, "साहेब, काय टाकलं?"

"काईच नाही," मी म्हटलं. "आईची आण."

उकंडाभाऊ गालात हसले. माह्यावर काही त्यायचा विश्वास बसला नाही.