बखर ‘रवाना’च्या अक्षरांची

श्री पडदेश्वर प्रसन्न. काना, मात्रा, वेलांटी सदा सहाय. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी चित्रदौलतीत जे वर्तमान घडले ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. तिखटमीठ तेवढे आमचे.

ते समयी दौलतीचे धनी श्रीमंत दाजीसाहेब गुंजाळ चित्रपट काढीत आणि मिशीस पीळ देत. त्यांचे पदरी भैरवीबाई सबनीस, चित्रपटाच्या नावाची अक्षरे घडविणार. हात मोठा गुणी, परंतु दौलतीचा दस्तूर विपरीत. चित्रपट सासूसुनेचा असो की हरवलेल्या म्हशीचा, वेलांटीस तलवार लावावी आणि वर सोनेरी मुलामा द्यावा, ऐसा दाजीसाहेबांचा हुकूम. बाईंनी तलवारी काढून काढून शस्त्रागार भरिले, आणि इतके करून पडद्यावरील नामावळीत बाईंचे नाव कधी आले नाही. ‘आणि इतर’ यांत बाई गडप. मातोश्री दर चित्रपटास जाऊन, दिवे लागेतो बसून, घरी येऊन पुसत, “अगं, तुझं नाव कुठं होतं?” बाईंस तोंड कोठे लपवू ऐसे होई.

मग दाजीसाहेबांनी ‘रवाना’ नामे चित्रपट मांडिला. शिपाई सीमेवर रवाना होतात आणि कोणी माघारे येत नाही, ऐसा रडविणारा मजकूर. तेव्हा बाई अर्ज करित्या जाहल्या, “साहेब, या नावास वेलांटीच नाही, तर तलवार लावू कुठं? यंदा अक्षर माझ्या मनाचं काढू द्या आणि माझं नाव पडद्यावर घाला.” दाजीसाहेबांनी वेलांटी धुंडाळिली, सापडेना, मग नाइलाजे बोलिले, “बरं, काढा. साधलं तर तुमचं नाव पडदाभर, एकटं!”

मग काय विचारता! बाई हर्षे बेभान जाहल्या आणि नवे अक्षरवळण घडविले, ज्यास हल्लीचे लोक फॉन्ट म्हणतात. अक्षरे भरदार, गोलाई ऐसी की हात फिरवावा वाटे, आणि मजकूर विरहाचा म्हणोन अक्षरे एकमेकांस बिलगून उभी केली, जणू निरोप घेतात. कचेरीत वाहवा जाहली. नाव सर्वांस ठाऊक, मग वाचतो कोण? फलक चौकाचौकांत चढले.

दुसरे दिवशी कोण्या खवय्याने दाजीसाहेबांस फोन लाविला, “अहो, तुमचा ‘खाना’ कधी लागतोय? व्हेज आहे ना?” दाजीसाहेब धावत चौकात गेले आणि मान वर करितात तो घाम फुटला. र ने व ला ऐसी मिठी मारिली होती की दोहोंचा मिळोन ख जाहला होता! मग बाईंस बोलाविले आणि गरजले, “हे काय करून ठेवलंत? आमचे जवान मरतायत आणि लोक पत्रावळी घेऊन येतील!” बाई पाहतात तो खरेच ख. “अगं बाई! माझ्याच हातानं!” इतकेच बोलिल्या. दाजीसाहेबांनी नामावळीतून बाईंचे नाव तत्काळ कापिले आणि बाई घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडल्या. इतकी वर्षे वाट पाहून हातचे नाव गेले, कोणास वाईट वाटणार नाही?

फलक बदलण्यास अवकाश न राहिला. मग शुक्रवार उगवला आणि गर्दी लोटली. कुटुंबेच्या कुटुंबे भूक राखून आली, कढई दिसेल म्हणोन वाट पाहू लागली आणि कढईच्या नादात शिपायांत गुंतली, मग ढसाढसा रडली, मग बाहेर येऊन वडापाव खाऊन शेजाऱ्यांस सांगू लागली की, “खाना नाही, पण जाऊन याच!” खेळामागून खेळ भरले. दाजीसाहेब पाघळले आणि म्हणाले, “अक्षरास हात लावाल तर खबरदार! बाईंचं नाव चढवा, पडदाभर, एकटं. आणि त्यांच्याच अक्षरांत!”

मग बाई मातोश्रींस घेऊन चित्रगृहात बसल्या. अंधार पडला आणि नाव आले, पडदाभर, एकटे. बाईंनी मातोश्रींचा हात घट्ट धरिला. मातोश्रींनी चष्मा सारखा केला आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे वाचिले, “अक्षरे, भैखी सबनीस.” मग वळून म्हणाल्या, “ही मेली कोण भैखी? याही वेळी तुझं नाव नाहीच का गं?”

येणेप्रमाणे वर्तमान. तेव्हापासून अवघी दौलत बाईंस भैखीबाई म्हणते आणि बाई मुकाट ओ देतात. मात्र हल्ली र आणि व यांमध्ये माणूस बसेल इतकी जागा सोडितात. आमचे लिहिणे शुद्ध आहे. कोठे ख दिसल्यास वाचणाराने आधी आपला चष्मा पुसावा.