समुद्र फुकट असतो

आमच्या घरातली कुठलीही आपत्ती आधी माझ्या डोक्यात कल्पना म्हणून येते. ही आली दसऱ्याच्या दिवशी, पोहे खाताना. मोबाइलवर वाचत होतो, ‘देशातली फुकट आणि निसर्गरम्य ठिकाणं, आयुष्यात एकदा तरी बघाच.’ कन्याकुमारीचा सूर्योदय फुकट. काशीचे घाट फुकट. कांचनगंगेचं शिखर लांबून बघायला फुकट. मला एकदम सगळा देश आपला वाटू लागला.

“उमा, आपण सगळा भारत बघायचा,” मी जाहीर केलं. “तिकीट म्हणून कुठं नाही.”

“आणि तिथपर्यंत काय चालत जायचं?” बायको म्हणाली. मग पोह्यांवर लिंबू पिळता पिळता हळूच म्हणाली, “भारत राहू द्या. मला एकदा समुद्र दाखवा.”

समुद्र दाखवतो, हे मी लग्नात कबूल केलं होतं आणि आता आमचा मुलगा नोकरीला लागला होता. पण औरंगाबादेत (संभाजीनगर म्हणायचं अजून जिभेवर येत नाही) राहणाऱ्याला सुट्टी नसते, पाहुणे असतात. वेरूळ-अजिंठा बघायला सगळं गणगोत आमच्याकडं उतरतं. उमानं पोळ्या लाटायच्या आणि मी वेरूळ दाखवायचं. (मी सरकारी कचेरीत कारकून आहे, पण कैलास लेणं वरून खाली कसं कोरत आणलं, हे मी असं काही सांगतो की पाहुणे अवाक होतात. निदान बोलत तरी नाहीत.)

समुद्र फुकट, आणि राहायला व्यंकटदादा. हा माझा मामेभाऊ. नोकरीसाठी रत्नागिरीला गेला आणि तिकडचाच झाला. पण एक वर्षाआड सहकुटुंब आमच्याकडं येऊन वेरूळ बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

आता, आमच्या घराण्यात ‘आम्ही तुमच्याकडं येतोय’ असं तोंड वर करून कुणी म्हणत नाही. पाहुण्यानं नुसतं विचारायचं, ‘सुट्टीत घरीच आहात ना?’ आणि यजमानानं समजून घ्यायचं. आजवर नेहमी दादा विचारायचा आणि मी समजून घ्यायचो. यंदा फोन मी लावला.

“दादा, भाऊबीज झाली की घरीच ना?”

“म्हणजे काय! मोकळेच आहोत. का रे?”

“काही नाही. उमा म्हणत होती, लई दिवस झाले भेट नाही.”

दादाचा आवाज भरून आला. “उमाला सांग, बरं वाटलं. भेटूच आता!”

मी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं उमाकडं पाहिलं.

“‘या’ म्हणाले का?” तिनं विचारलं.

“‘भेटूच’ म्हणाला.”

“म्हणजे कुठं?”

“तुला ना, रीतभात कळत नाही,” मी म्हणालो. (हे वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरतात.)

मी गुलमंडीच्या बाजारातून समुद्रासाठी खास टोपी आणली. उमानं धपाटे केले. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “एक फोन करून बघा की.” पण आदल्या दिवशी फोन करणं म्हणजे पुरणपोळीची फर्माईश केल्यासारखं. मी बाणेदारपणे नकार दिला. शेजारच्या सारजाबाईंकडं किल्ली दिली आणि निघालो.

पुण्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीला पोचलो. दादाच्या दाराला हे मोठं कुलूप!

“ते कालच गेले ना औरंगाबादला,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “भावाने किती प्रेमाने बोलावलंय म्हणून सांगत होते.”

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

“श्रीधर, अरे कुठं उलथलास? तुझ्या दाराला कुलूप!”

“दादा, मी तुझ्या दारात आहे.”

दादा रिक्षांच्या गोंगाटावर आवाज चढवून म्हणाला, “बोलावून गायब व्हायचं, ही कुठली रीत?”

“मी कुठं बोलावलं? मी तर येतोय म्हणून सांगितलं!”

“कधी सांगितलंस?”

इथं माझी बाजू जरा लंगडी पडली.

उमा पायरीवर बसली होती, धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन. “चला परत,” ती म्हणाली. “वाटेत कुठं लांबून दिसला, तर तेवढा दाखवा.” ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मी आणि दादा रीतभात या विषयावर अजून बोलतच होतो. उमा उठली, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “वहिनींना द्या.”

“वहिनी, तुमची किल्ली कुणाकडं असते?”

“शेजारच्या काकूंकडं. तुझी गं?”

“सारजाबाईंकडं. चिवडा वरच्या डब्यात. गॅसची टाकी नवीन आहे.”

“आमचा नळ सकाळी येतो. राहा निवांत.”

संपलं! दोन घरांचा प्रश्न मिटला आणि आम्ही दोघं भाऊ रीतभात घेऊन उभे.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर उमा साडी जरा वर धरून पाण्यात गेली. लाट पायावर आली तशी किंचाळली, मग लहान मुलीसारखी हसली. मी टोपी सावरत सांगू लागलो, “भरती-ओहोटीचं कारण असं की, चंद्र...”

“जरा गप बसता?” ती म्हणाली. “मला त्याचा आवाज ऐकायचाय.”

चार दिवस आम्ही रोज समुद्रावर गेलो. मी रोज गप्प बसलो.

परत आलो तेव्हा दादाची मंडळी निघून गेली होती. सारजाबाईंनी किल्ली दिली.

“पाव्हणे कसे होते?” मी विचारलं.

“लई खूश! म्हणले, येवढ्या खेपा झाल्या, पर वेरूळ यंदाच डोळे भरून बघितलं.”

“यंदा पाऊस चांगला झाला ना, हिरवळ असेल.”

“व्हय, आसंल. पर ते म्हणले, यंदा सांगणारं कुणी नव्हतं संगं.”

तेवढ्यात वहिनींचा फोन आला, तो उमानं स्पीकरवर घेतला. पुढच्या वर्षीही अशीच अदलाबदल करायची, असं दोघींचं ठरलं. मग माझं नाव निघालं आणि जुंपलीच. एक हटेना, दुसरी ऐकेना. माझ्यासाठी दोघी एवढ्या भांडतायत हे पाहून मला अगदी भरून आलं.

मग नीट कान दिला. वहिनी म्हणत होत्या, “भावजींना तू समुद्रावर घेऊन जा.” आणि उमा म्हणत होती, “छे छे, ह्यांना तुम्ही वेरूळलाच ठेवून घ्या!”