दमलेलं हरीण

"ही काच कुणी पुसली? पुसली की बरबटवली?" स्टिअरिंगवर जवळजवळ नाक टेकवून ऑर्विल पुटपुटले.

काच लख्ख होती. आर्लीननं ती सकाळीच त्यांच्यासमोर पुसली होती. पिकअपच्या एकुलत्या एका बाकावर, सासरा आणि नवरा यांच्यामध्ये, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वाचवत ती बसली होती. तिनं क्लेटनच्या बरगडीत कोपर रुतवलं. बोल आता, असा त्याचा अर्थ.

"पाऊस आहे ना बाबा, म्हणून तसं वाटतं," क्लेटन म्हणाला.

दुसरं कोपर पहिल्यापेक्षा जोरात बसलं.

हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघावा म्हणून ऑर्विल वर्षानुवर्षं देव पाण्यात घालून बसले होते, आणि निघाला तो नेमका यंदा. उद्या पहाटे हंगाम सुरू होणार. उजाडता उजाडता भरलेली रायफल घेऊन ते या माळावर पालथे पडणार. त्याच माळावर शेजारच्या गसची मेंढरं चरत, आणि मेंढरांमागे स्वतः गस असे. आणि ऑर्विलना आता दिसत नव्हतं. गेल्या रविवारी चर्चच्या दारात त्यांनी कोट टांगायच्या खुंटाळ्याला टोपी काढून नमस्कार केला, चार हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि घरी येऊन सांगितलं, "नवे पाद्री बरे आहेत. मधे मधे बोलत नाहीत." डोळ्यांसाठी कॅस्पर शहरातल्या डॉक्टरांची वेळ घेतली, की त्याच दिवशी त्यांची एखादी गाय आजारी पडे.

शिकारीला जाऊ नका, हे सांगायचं कुणी? क्लेटननं. कधी? काल जेवताना. मग आज न्याहारीला. मग, "हरणं हेरायला जाऊ ना, तेव्हा माळावर निवांत सांगतो." आता माळ आला होता आणि निवांतपणा कुठेच नव्हता. आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला होता.

"बाबा, हा पाऊस असाच राहिला तर उद्याचं काही खरं नाही," क्लेटननं आशेनं सुरुवात केली. पावसानंच परस्पर काय ते सांगून टाकावं, अशी त्याची इच्छा दिसत होती.

"हरणं काय मिठाची आहेत?" ऑर्विलनी गाडी थांबवली, खिडकी उतरवली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. पाऊस आत येऊन आर्लीनच्या मांडीवर बसला. "तो बघ! टेकाडाच्या खाली. नर आहे. आहे की नाही?"

टेकाडाखाली कुंपणाचा एक खांब होता.

आर्लीननं नवऱ्याकडे पाहिलं. याहून चांगली संधी देव तरी कुठून आणून देणार होता?

"आहे," क्लेटन म्हणाला. "मोठा आहे."

"हलत कसा नाही?"

"दमला असेल."

"दमला असेल!" आर्लीन ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

"शिंगं जवळून बघायला हवीत. उद्या हाच धरायचा," ऑर्विल म्हणाले आणि कुणी हो-ना म्हणायच्या आत खडीचा रस्ता सोडून गाडी सरळ माळात घातली.

त्या माळाची माती कोरडी असताना गरीब असते. भिजली की तिच्या अंगात येतं. पहिल्या वळशाला टायर मातीनं भरले, दुसऱ्याला त्यांचे चौरंगाएवढे लाडू झाले, आणि गाडी नववधूसारखी मान खाली घालून एका घळीकडे सरकत जाऊन रुतली. मागे ओढ्याचं पाणी रस्त्यावर चढत होतं. क्लेटननं फोन काढला, हात उंच केला, खाली केला आणि खिशात ठेवला.

"रस्ता निसरडा ठेवलाय लेकाच्यांनी," ऑर्विल म्हणाले.

तेवढ्यात लांब टेकाडाच्या धारेवर काहीतरी हललं. "गस असेल! ट्रॅक्टर घेऊन मेंढरं हाकायला आला असेल," आर्लीन म्हणाली. सँडविच बांधलेलं पांढरं फडकं सोडून, क्लेटनला ओलांडून ती चिखलात उतरली. एक पाऊल टाकलं, बूट तिथेच राहिला. तशीच एका पायावर उभी राहून तिनं गाडीतल्या फावड्याच्या दांड्याला फडकं बांधलं आणि जिवाच्या आकांतानं हलवायला लागली. बापलेकही उतरून बॉनेटला टेकून उभे राहिले.

धारेवरचं ते काहीतरी थांबलं. मग त्यांच्याकडे यायला लागलं.

ते अर्ध्या वाटेवर आलं तसा आर्लीनचा हात थबकला. पांढरं काही फडफडताना दिसलं की इथल्या हरणांना राहवत नाही, काय आहे ते बघायला येतातच. माळावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. घाबरलेल्या माणसाला मात्र काहीच आठवत नाही. पावसातून डौलानं चालत आला तो खराखुरा नर. काळीभोर शिंगं, पुढे फुटलेला रुंद फाटा, छातीवर पांढरे पट्टे. असा नर तिनं जन्मात पाहिला नव्हता. गोठ्याच्या लांबीइतक्या अंतरावर येऊन तो थांबला आणि फडक्याकडे टक लावून बघू लागला.



ऑर्विलनी भिजलेली टोपी काढली. "ये रे बाबा, ये! देवासारखा आलास. ट्रॅक्टर आणलास का?"

नरानं कान हलवले.

"क्लेटन," आर्लीन पुटपुटली, "आत्ता. ह्या क्षणी. नाहीतर उद्या हे गसला हरीण समजतील."

क्लेटनचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यानं एकदा बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थंडीनं निळा पडलेला, पाहुणा आल्याच्या आनंदानं उजळलेला चेहरा. आणि त्याच्या घशातून गसचा जाडाभरडा, खाकरलेला आवाज बाहेर पडला.

"ट्रॅक्टर… ट्रॅक्टर मागे राहिला, ऑर्विल. आणतो हं."

आर्लीननं डोळे मिटून घेतले. फावडं हातातून सुटून चिखलात पडलं. त्या आवाजासरशी नर वळला आणि पावसात एका झेपेत दिसेनासा झाला. खुरांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग फक्त पाऊस.

ऑर्विल बराच वेळ त्या दिशेला कान देऊन उभे होते. मग त्यांनी टोपी पिळली, डोक्यावर घातली, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि चाचपत चाचपत सुनेच्या तळहातावर ठेवली.

"क्लेटन," ते म्हणाले, "मला दिसत नाही रे. ऐकू नीट येतं."