खांद्यांची क्षमताबांधणी

पोलादपूर तालुक्यातील शिवणकोंडास पावसाळ्याचे चार महिने एक नर्स हवी होती. मागणी एवढीच होती. कापडे नावाच्या गावाकडच्या रस्त्यावरून वर चढू लागले की जिथे माणसाचा दम संपतो, तिथे हा कोंड, म्हणजे डोंगरातली वाडी, सुरू होतो. आषाढात ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जातो आणि कोंड आपला आपण उरतो. रोग्याला खाली आणायचे तर डोलीतून. एक बांबू, त्याला बांधलेली चादर, चादरीत रोगी. बांबूला खांदे लागतात आणि खांदे सगळे मुंबईला. म्हणून शिवणकोंडात एक जुना शिरस्ता आहे: आजारी पडायचे ते शिमग्याला नाहीतर गणपतीत. तेव्हा पोरे घरी असतात.

हा शिरस्ता सगळे पाळत. पण गोमाजीची सून श्रुतिका हिला दिवस गेले आणि हिशेब केला तर बाळंतपण आले ऐन आषाढात.

"शिमगा हुकला, गणपती गाठत नाय," गोमाजी म्हणाला. "हर्षदभाऊ, नर्सचं तेवढं बघा."

हर्षद हा पोलादपुरातील 'नवपालवी ग्रामीण आरोग्य व समाजसेवा संस्थे'चा सचिव होता. संस्थेला औषधाच्या दुकानावरची एक खोली होती आणि खोलीपेक्षा लांब पाटी होती. अध्यक्ष मुंबईला असत, सदस्य कागदावर असत, हर्षद खोलीत असे. त्याची लेखणी मोठी हळवी. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेला माणूस; शौचालयाच्या प्रस्तावातसुद्धा चंद्र आणल्याशिवाय त्याला राहवत नसे. निधी मिळत नसे तो बहुधा चंद्रामुळेच, असे त्याला अधूनमधून वाटे, पण चंद्र सोडवत नसे.

त्याने पुण्याच्या उन्नयन फाउंडेशनला प्रस्ताव पाठवला. तिथून अनुपमा मॅडमचा फोन आला.

"सर, प्रस्ताव फार सुंदर आहे. पण नर्स म्हणजे पगार आला. पगार आमच्या धोरणात बसत नाही."

"मग काय बसतं, मॅडम?"

"क्षमताबांधणी बसते. विचार करा, चार महिन्यांनी नर्स निघून गेली की मागे काय उरेल?"

"बाळ आणि बाळंतीण उरतील."

"ते झालंच हो. पण त्याला टिकाऊपणा म्हणत नाहीत." मॅडम गोड बोलत. "आम्ही एकदा प्रत्यक्ष येऊन गरज बघतो. मार्चमध्ये जमेल?"

हर्षद हे सांगायला कोंडात गेला. मार्चचा पहिला आठवडा तसा बरा होता. तेव्हा कोंड रिकामा असतो, दारांना कुलपे असतात, म्हातारी माणसे उन्हाला बसलेली असतात. गरज अशी की आंधळ्यालाही दिसावी. पण गोमाजीचा चेहरा पडला.

"रिकाम्या कोंडात पाव्हणा बोलावतात काय रे? आमची इज्जत हाय का नाय? शिमग्याला आणा. पालखी असंल, पोरं असतील, पुरणपोळी असंल."

"अहो गोमाजीकाका, आपल्याला गरज दाखवायची आहे."

"गरज जेवल्यावर दाखवू की!" गोमाजीची बायको ठमाबाई चुलीपाशी होती, तिथून म्हणाली. "उपाशी बाईला काय दिसनार हाय?"

हर्षदला हे वाक्य इतके आवडले की त्याने वाद घातला नाही. पाहुणी शिमग्याला आली.

आणि शिवणकोंडाने काय शोभा केली! मुंबईहून एकूण एक पोरगा आला होता. खालूबाजा घुमत होता. अंगणाअंगणात ग्रामदेवतेची पालखी नाचत होती. भरभक्कम पालखी, पण पोरे ती अशी नाचवत होती की पिसाची असावी. खांद्यावरून खांद्यावर, गुडघ्यावर, परत खांद्यावर. अनुपमा मॅडमचे डोळे पाणावले.

"एवढं वजन! किती असेल हो?"

"देवाचं वजन कोन करतो गो बाय?" गोमाजी हसला आणि भरात येऊन त्याने मुलाला हाक मारली. "अक्षय! डोली काड रे! बायला दाव, आमी मानूस कसा नेतो ते."

अक्षय म्हणजे श्रुतिकाचा नवरा, वरळीला एका बिल्डिंगची लिफ्ट सांभाळणारा. त्याने श्रुतिकाला डोलीत बसवले. पोरांनी 'चल, अपनेवाले!' अशी मुंबईची आरोळी देत बांबू उचलला आणि धावत ओढ्यापर्यंत जाऊन धावत वर आणला. श्रुतिका आत हसून हसून बेजार. मॅडमनी सगळे मोबाइलवर टिपले.

"ही पोरं परवा मुंबईला परत जातात, मॅडम," हर्षद घाईघाईने म्हणाला.

"पण पुन्हा येतात ना?"

"येतात, गणपतीला."

"म्हणजे कौशल्य समाजात आहे. आपल्याला फक्त बळकट करायचंय." मॅडमनी पुरणपोळीचा घास घेतला. ठमाबाईने वर तुपाची धार सोडली. गरज दाखवण्याचा कार्यक्रम अशा रीतीने यथासांग पार पडला.

महिन्याभरात मंजुरी आली. प्रकल्पाचे नाव 'स्कंध'. उद्दिष्ट: डोंगराळ भागातील पारंपरिक खांदेकऱ्यांची क्षमताबांधणी. मंजूर बाबी: पुण्याचा तज्ज्ञ प्रशिक्षक, खांद्याच्या गाद्या, बोधचिन्हासह बनियन, आणि चित्रफीत. नर्स नव्हती.

आता हर्षदने नाही म्हणायला हवे होते. त्याने तसा मजकूर लिहायलाही घेतला. पण खोलीचे भाडे थकले होते, शिवाय निधी एकदा दारात आला की त्याला वळवून नर्सकडे नेता येईल, पाटाचे पाणी वळवावे तसे, अशी एक उपमा त्याला सुचली. उपमा चांगली सुचली की हर्षद निर्णय घेऊन टाकी.

त्याने प्रयत्न केला, नाही असे नाही. "मॅडम, प्रशिक्षक म्हणून एखादी नर्स घेतली तर?"

"चालेल ना! फक्त ती खांदा देणारी हवी."

बनियन कोंडात पोचले तेव्हा गोमाजीने ते उलटसुलट करून पाहिले. "नर्स मागितली, बनियान आला. बरं हाय. आमी सोंगं शिमग्यातच काडतो. तुमची बारा म्हैने चालतात."

जूनमध्ये एक नवीच अडचण उभी राहिली. श्रुतिकाला बिरवाडीला न्यायचे ठरत होते. तिचा भाऊ तिथे कारखान्यात कामाला होता आणि भाड्याच्या खोलीत राहत होता. चार पावलांवर डॉक्टर. हर्षदला हायसे वाटले. त्याने मॅडमना आनंदाने कळवले.

"सर, पण प्रकल्पात गरोदर लाभार्थी त्या एकट्याच आहेत ना?"

"हो."

"आणि लाभार्थी कार्यक्षेत्र सोडून गेल्या, तर लाभ कुणाला झाला असं दाखवायचं? प्रशिक्षण होईपर्यंत तरी थांबवा. थोडे दिवस तर आहेत."

हर्षद कोंडात गेला. निरोप सांगताना त्याने मान वर केली नाही. श्रुतिकाने भरलेली पिशवी दाराआड ठेवली होती, ती तिने परत खुंटीला अडकवली.

"भावजी, थांबते. पण दुखायला लागलं तर तुमच्या फाउंडेशनला थांबायला सांगा हां."

प्रशिक्षणाचा दिवस उजाडला. पाऊस जरा उघडला होता. प्रशिक्षक आला तो व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा. त्याच्यासमोर बनियन घालून खांदेकरी उभे राहिले: कंबर धरून गोमाजी, त्याचा दम्याचा चुलतभाऊ महिपती, काठी टेकत ठमाबाई आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या. बाकीचा समाज मुंबईत होता.

"तरुण मुलं कुठे आहेत?" प्रशिक्षकाने विचारले.

"येतील की," महिपती म्हणाला. "गनपतीला."

सरावासाठी रोगी हवा होता. अंगाने सर्वांत हलका हर्षद निघाला, म्हणून त्याला डोलीत बसवले. प्रशिक्षकाने 'पाठ ताठ, श्वास आत' म्हटले. म्हाताऱ्यांनी श्वास आत घेतला आणि बांबू उचलला. हर्षद वीतभर वर गेला, आभाळ दिसले, चित्रफीत काढणाऱ्याने 'हसा सर' म्हटले. हर्षद हसला आणि चिखलात बसला.

सगळे हसत होते. ओटीवर श्रुतिका तेवढी हसत नव्हती. खांबाला धरून ती वाकली होती.

"आत्या," ती ठमाबाईला म्हणाली, "लागलं दुखायला."

ठमाबाईने एके काळी अर्ध्या कोंडाची बाळंतपणे केली होती. आता तिचे हात थरथरत. तिने सुनेच्या पोटाला हात लावला आणि प्रशिक्षकाकडे पाहिले. प्रशिक्षकाने हर्षदकडे पाहिले.

"हे माझ्या सत्रात येत नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने बांबूचे पुढचे टोक खांद्यावर घेतले. मागे हर्षद आणि गोमाजी. श्रुतिकाला चादरीत घेतले. बाकीचे बनियन मागून निघाले.

निसरड्या वाटेवर प्रशिक्षकाचे बूट बर्फावर असल्यासारखे सरकू लागले. वाटेतल्या फणसाच्या झाडापाशी गोमाजीची कंबर धरली. हर्षदच्या खांद्याने, जो आजवर झोळीपलीकडे काही वाहत आला नव्हता, तिथेच राजीनामा दिला. डोली तिरपी झाली.

"ठेवा मला खाली!" श्रुतिका ओरडली. "तुमचं पडनं सांभाळू का माजं दुखनं?"

ती उतरली. बांबू सोडवून तिने हातात घेतला, दुसरा हात ठमाबाईच्या खांद्यावर टाकला आणि चालू लागली. गोमाजीला महिपतीजवळ फणसाखाली बसवले. ओढ्याला त्या दिवशी दया आली असावी. साकवावरून घोट्याएवढेच पाणी जात होते. सून थांबली की सासू थांबे, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटे:

*देवाच्या पालखीला, गर्दी खांद्यांची गो मोठी*
*बाळंतिणीच्या वाटेला, एक म्हातारी, एक काठी*

मागून खांद्याच्या गाद्या घेऊन येणाऱ्या हर्षदचे डोळे भरले. आणि भरल्या डोळ्यांनी त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की अहवालाच्या सुरुवातीला ही ओवी फार छान बसेल.

खाली रस्त्याला फोन करून बोलावलेली जीप उभी होती. दवाखाना यायच्या आधीच जीपमध्ये मुलगी झाली. ठमाबाईचे हात तेवढा वेळ थरथरायचे विसरले. बाळ-बाळंतीण सुखरूप.

अहवालात ओवी छानच बसली. "प्रकल्पाच्या बांबूचा आधार घेऊन गरोदर महिला स्वतः चालत रस्त्यापर्यंत आली," असे हर्षदने प्रामाणिकपणे लिहिले होते. फाउंडेशनने त्याचे नाव 'लाभार्थीचे सक्षमीकरण' ठेवले. उद्दिष्ट खांदे बळकट करण्याचे होते. इथे तर खांद्यांची गरजच उरली नव्हती. एवढा टिकाऊपणा कुठल्याही प्रकल्पात दिसला नव्हता म्हणे. पुण्यात सत्कार ठरला.

हर्षदने ठरवले, आता खरे बोलायचे. शाल अंगावर पडताच तो माइकसमोर उभा राहिला. "आम्हाला नर्स हवी होती," तो म्हणाला. "तुम्ही बनियन दिले. आम्ही घेतले. त्या मुलीला बिरवाडीला जाऊ न देणारा मी होतो. तिचं आणि बाळाचं काही झालं असतं, तर आज मी दुसऱ्या शब्दांत हाच अहवाल लिहिला असता. कोंडाला अजून नर्स हवी आहे."

सभागृहात आधी कुणीतरी उभे राहिले, मग सगळेच. टाळ्या थांबेनात. अनुपमा मॅडम खरोखर रडत होत्या. त्या बाई वाईट नव्हत्याच मुळी.

"किती प्रांजळ बोललात, सर," त्या म्हणाल्या. "हे लोकांपर्यंत पोचायलाच हवं. नर्स आमच्या धोरणात बसत नाही, पण 'गोष्टींतून जनजागृती' बसते. हे सगळं लिहून द्याल?"

हर्षद कोंडात परत गेला. श्रुतिका अंगणात मुलीला तेल लावत होती.

"मिळाली का नर्स, भावजी?"

"गोष्ट मिळाली," हर्षद म्हणाला.

तिने मुलीला पालथे घातले आणि पाठ चोळायला घेतली.

तीच ही गोष्ट. ती वाचून सुज्ञ वाचकांना जागोजाग हसू आले असेल, फणसापाशी थोडे वाईटही वाटले असेल, आणि 'अगदी असंच असतं हो' म्हणत आपण ती चार जणांना पाठवालही. फाउंडेशन तेवढ्यावर समाधानी आहे. शिवणकोंडाच्या आरोग्य प्रकल्पाचे या वर्षीचे लाभार्थी म्हणून आपली नोंद झालेली आहे. आपली प्रकृती कशी आहे?