आबांची काळी दाढी

गुप्तहेर म्हणून माझ्या बुद्धीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी बोलतच नाही, त्याला मी काय करू? माझी नजर गरुडाची, नाक कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची. "म्हणजे एकूण प्राणिसंग्रहालय," असं माझा सहायक म्हणतो. तो माझ्या बायकोचा भाऊ असल्यामुळे त्याला कामावरून काढता येत नाही.

त्या दिवशी फोनवर एक बाई हुंदके देत होत्या. "आमच्या आबांनी अन्न सोडलंय हो! दाढी काळीकुट्ट झालीय. घरात सून आली आणि हे सुरू झालं."

मी फोन ठेवला. "उतारवय, जेवणावरून मन उडालेलं, वर दाढीला कलप. उघड उघड प्रेमप्रकरण! चल."

आबा काचेच्या पेटीत होते. हातभर लांब, अंगभर काटे, डोक्यावर उबेसाठी लावलेला दिवा. दाढीवाला सरडा; गळ्याखालची काटेरी कातडी हीच त्याची दाढी.

"कलप कोणी लावला असेल, साहेब?" सहायकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं. मी दुर्लक्ष केलं. थोर माणसांना ते जमावं लागतं.

पेटी होती हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये. हॉलमध्ये बाई, ओट्यापाशी सून आणि दोघींच्या मधोमध, पेटीला टेकून, चिरंजीव.

"ह्याने हौसेने आणला आणि टाकला माझ्या गळ्यात," बाई म्हणाल्या. "एवढासा होता, तेव्हापासून मी वाढवलाय. कसा गुटगुटीत होता! आणि आता बघा. पांढऱ्या पायाची म्हणतात ती हीच. खरं की नाही रे?"

चिरंजीवांनी होकारार्थी मान डोलावली.

"अहो, मी त्याला बोट तरी लावलंय का?" सुनेचा आवाज भरून आला. "सांगा ना आईंना!"

चिरंजीवांनी तिकडेही मान डोलावली. ते एका कंपनीत तक्रार निवारण विभागात होते.

मी तपासाला लागलो. विषप्रयोग! आबांच्या वाटीतला भोपळ्याचा कीस मी चिमूटभर तोंडात टाकला. "चव ठीक आहे. जरा वळवळतो."

"त्या अळ्या आहेत," सहायक म्हणाला.

विषप्रयोगाची शक्यता मी गुळण्या करत करत फेटाळली.

परत आलो तर आबांनी चिरंजीवांकडे बघत पुढचा एक पाय हळूच उचलला, हवेत फिरवला आणि खाली ठेवला. माझ्या अंगावर शहारा आला. "साक्षीदार बोट दाखवतोय! त्या कपाटाकडे!"

मी झेप घेऊन कपाट उघडलं. आत भरलेली बॅग. मी ती बाहेर ओढली.

"चोरीचा माल!"

"माझे कपडे आहेत ते," सून म्हणाली. डोळ्यांत पाणी तरारलेलं. "मी माहेरी चाललेय. एका मुक्या जिवाचा तळतळाट कशाला घेऊ? माझ्यामुळे होत असेल तर होऊ दे तो बरा."

आता मात्र माझ्याही घशात काहीतरी अडकलं. बहुधा अळी.

"जाऊ दे तिला," बाई तोंड फिरवून म्हणाल्या. "हो ना रे?"

चिरंजीवांची मान हलली. आणि आबांची दाढी फुगली, काजळासारखी काळी झाली.

"थांबा!" सून ओरडली. "परत हलवा मान."

"ह्यांची?" मी विचारलं.

"ह्यांचीच!"

मान हलली. दाढी आणखी काळी. आबांनी पुन्हा तो पाय उचलला.

"अगंबाई!" सुनेने कपाळावर हात मारला. "दुकानदाराला फोन केला होता मी. तो म्हणाला, दुसरा नर समोर येऊन मान खालीवर करायला लागला की ह्या सरड्यांना वाटतं, लढाईचं आव्हान आलं. मग दाढी काळी होते, खाणंपिणं सुटतं. अगदीच घाबरला तर हात हलवून शरण येतो. मी म्हटलं, आमच्या घरात दुसरा नर आहेच कुठे?"

चिरंजीव मान हलवणार होते, पण त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटी धरली.

"लग्न झाल्यापासून आपल्या दोघींच्या मध्ये, त्या पेटीपुढे, दिवसभर हेच चाललंय ह्यांचं," सून म्हणाली.

बाईंनी लेकाकडे रोखून बघितलं. "आता तोंडाने सांग. हिला जाऊ द्यायचं का?"

चिरंजीवांना घाम फुटला. हनुवटी तशीच धरून, मान जराही न हलवता, ते म्हणाले, "नाही. ती कुठेही जाणार नाही, आई."

बाई बघतच राहिल्या. हळूहळू आबांची दाढी उतरली, पिवळसर झाली. मग ते वाटीपाशी सरकले आणि एक अळी त्यांनी मटकावली.

बाईंनी पदराने डोळे टिपले. उठून बॅग उचलली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा कपाटात ठेवली. "सूनबाई, तुझा पाय नाही गं पांढरा. माझ्याच लेकाची मान सैल आहे."

मी पेटीपाशी उभा राहिलो, जाणकारासारखी तीनचार वेळा मान डोलावली आणि म्हणालो, "मला पहिल्यापासून हाच संशय होता."

आबांची दाढी काळीठिक्कर पडली.

"तुम्ही आधी बाहेर व्हा!" सासू आणि सून एका सुरात ओरडल्या.

सासूसुनेचं एकमत घडवून आणणारा दुसरा गुप्तहेर मला दाखवा.