मुंडक्याचा मान

नागसेनची सगळी लढाई माशाच्या मुंडक्यासाठी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याचे सासरे डोमाजी अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात. त्यांचा एक रिवाज आहे. मासा शिजला की मुंडकं कर्तबगार जावयाच्या ताटात पडतं. थोरला जावई मनोज ठेकेदार, म्हणून मुंडकं त्याला. धाकटा नागसेन अमरावतीला कचेरीत बाबू, म्हणून त्याला शेपटीकडचा तुकडा. लग्नापासून शेपटीच. (एकदा मनोज आला नव्हता, तेव्हा डोमाजींनी मुंडकं स्वतः खाल्लं, नागसेनकडे पाहिलंसुद्धा नाही.)

शेवटी नागसेननं मोबाइलवर व्हिडिओ पाहून मऊ प्लास्टिकचे मासे मागवले. हे पाण्यात शेपूट हलवतात, खरा मासा त्यांना गिळायला येतो आणि गळाला लागतो, असं व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगत होता. नागसेनच्या बायकोनं, दीपमालानं, त्यातला एक हिरवा मासा चिमटीत धरून उचलला.

"याले मासा फसन?"

"जपानात फसतात."

"आपल्या धरणातले जपानी हायेत का?"

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. नागसेननं सासऱ्यांना फोन लावला. "मामाजी, रविवारी आमच्याकडे जेवाले या. मासा मी स्वतः पकडून आणतो."

"मंग आमीबी येतो धरणावर. मनोजलेबी आणतो. पाहू तरी," डोमाजी म्हणाले.

"मसाला वाटून ठेवीन," दीपमाला म्हणाली. "मासा नाही आला तर त्यात वांगे टाकीन."

धरणाचं पाणी टेकड्यांमध्ये खाडीसारखं आत घुसतं, तिथं रविवारी हे तिघं भाड्याच्या नावेत बसले. नावाड्यानं तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरून बोलण्याचा प्रश्नच मिटवला. नागसेननं व्हिडिओतल्यासारखा ऐटीत रॉड फिरवला आणि गळानं मागं बसलेल्या मनोजची कॉलर धरली. (नागसेनला मनातून ते आवडलं.) दुसऱ्या झटक्याला डोमाजींची टोपी पाण्यात गेली. त्यानंतर गळ पाणगवतात अडकत राहिला. नागसेन ओढायचा, वर गवत यायचं. दुपार होईपर्यंत नावेत एका म्हशीचा चारा जमला.

"चाल बाप्पा," मनोज कॉलरचं भोक चाचपत म्हणाला, "जाता जाता बाजारातून मासा घेऊ. मी घेतो. कोणाले सांगणार नाही."

डोमाजी नुसते ओली टोपी पिळत बसले. नागसेनला ते जास्त लागलं. रडवेल्या तोंडानं त्यानं शेवटचा म्हणून हिरवा मासा भिरकावला. तोही अडकला. नागसेननं ओढलं. गवतानं उलटं ओढलं. नाव गर्रकन फिरली.

"मामाजी, गवत ओढून राहिलं मले!"

"गवत कावून ओढन, येड्या! मरळ हाय ते! सोडू नको!"

मग जे झालं ते पाहायला सगळी कचेरी हवी होती. मासा नाव ओढतोय, नागसेन मासा ओढतोय, डोमाजी उभं राहून ओरडतायत आणि पोहता न येणाऱ्या मनोजनं नागसेनच्या कमरेला घट्ट मिठी मारलेली. (पुढं ही मिठी मदत म्हणून सांगितली गेली.) शेवटी भलीथोरली काळी मरळ हवेत उसळली आणि धप्पकन मनोजच्या पांढऱ्या पँटवर पडली.

नागसेनचे डोळे भरून आले. डोमाजींनी त्याच्या पाठीवर असा हात मारला की तो पाण्यातच पडायचा. "वा रे जवाई!" आजवर ते त्याला 'दीपमालाचा नवरा' म्हणत.

घरी दीपमालानं चिरलेली वांगी बाजूला सारली आणि मरळ आधी सगळ्या गल्लीला दाखवली. पानं वाढली तेव्हा डोमाजी उठले. रश्श्याच्या गंजातून मुंडकं त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं आणि नागसेनच्या ताटात ठेवलं. शेपटी मनोजला. नागसेनची छाती शर्टात मावेना.

त्यानं मुंडक्याकडे पाहिलं. मुंडक्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग तो भिडला. हाड लागलं, कातडी लागली, दात लागले (माशाचे). बराच वेळ चोखून झाल्यावर जिभेवर नखाएवढं मांस आलं. समोर मनोजनं शेपटीचा जाड, पांढराशुभ्र, मसाल्यात मुरलेला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"काय बे," तो डोळे उघडून म्हणाला, "इतके वर्षं हे तू एकटाच खाऊन राहिला होता?"

रस्सा वाढायला वाकलेली दीपमाला नागसेनच्या कानाशी पुटपुटली, "लग्नापासून आईले सांगून सांगून शेपटी तुमच्यासाठी काढाले लावत होती मी. तुमाले समजलंच नाही का?"

नागसेन तोंड उघडणार, तेवढ्यात डोमाजींनी सगळ्यांसमोर हात वर केला.

"आजपासून या घरात मुंडकं कायम नागसेनले. मी जिता हाय तोवर हा मान कोणीच काढून घेणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मनोजनं.