साडेसातच्या मेश्राम सिस्टर

मेश्राम सिस्टर टीव्हीवर बातम्या सांगायला बसल्या की आमच्या गावातल्या बायका आपापल्या घरात डोक्यावर पदर घेत. म्हातारे खुंटीवरचा सदरा काढून अंगात चढवत. एरवी बनियनवर सगळं गाव पालथं घालणारी माणसं साडेसात वाजता आपल्याच घरात पाहुण्यासारखी नीट बसत. कारण सिस्टर टीव्हीतून आपल्याला बघतात, अशी गावाची पक्की समजूत होती.

याला वाढई गुरुजी कारणीभूत. एकदा बातम्या अर्ध्यावर आल्या असताना सिस्टर कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "वाढई गुरुजी, उठू नका. पान्याची बातमी राह्यली अजून." गुरुजींचा तेव्हा एक पाय चपलेत होता. तो त्यांनी तसाच हळूच बाहेर काढला आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी हे गावभर झालं. त्यात जादू काही नव्हती. गुरुजी रोज त्याच सुमाराला पान खायला निघतात हे सिस्टरना माहीत होतं. पण हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण टीव्ही माझा होता. म्हणजे केबल माझी होती.

चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारी एसटी अर्ध्या वाटेत चहासाठी थांबते, ते आमचं गाव. तिथं माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या पुढे सगळीकडे केबल आली तशी मीही गच्चीवर डिशची मोठी छत्री बसवली, विजेच्या खांबांवरून, पिंपळावरून, कोणाच्या न्हाणीवरून वायरी ओढल्या आणि केबलवाला रफिकभाई झालो. एक चॅनेल रिकामं पडलं होतं. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होताच. म्हटलं, गावाच्या बातम्या लावू. स्टुडिओ म्हणजे माझं स्वयंपाकघर. मागे पोपटांची चादर, पुढे शाळेतून आणलेलं टेबल. बातम्या वाचायला एक कॉलेजातला मुलगा ठेवला होता. तो इतकं शुद्ध बोलायचा की लोकांना वाटे हा दिल्लीच्याच बातम्या देतो आहे. एका दिवशी त्याचा घसा बसला आणि नेमक्या त्याच संध्याकाळी सिस्टर भांडायला आल्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. उंची बेताची, आवाज मात्र ओपीडीच्या रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा.

"काऊन रे रफिक्या, माह्या टीव्हीत मानसं वाकडीतिकडी काऊन दिसून राह्यले? जसा काही सगळ्यायले लकवा मारला."

"सिस्टर, आता बातम्यांची वेळ झाली. उद्या बघतो ना," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"तुहं पहिलं रडनं म्या ऐकलं हाये. मलेच आवाज चढवतं?"

माझी बायको नसरीन गॅसपाशी उभी राहून हसायला लागली. घड्याळात साडेसात होत होते. मुलगा घसा धरून खुर्चीत बसला होता. सिस्टरनी त्याला तोंड उघडायला लावलं, आत बघितलं, "मिठाच्या पान्यानं गुळन्या कर, जा," असं म्हणून त्याला उठवलं आणि त्याच्या जागी स्वतः बसल्या. टेबलावरचा कागद उचलून म्हणाल्या, "हेच सांगाचं हाये ना? कर सुरू तुहं."

कागदावर होतं, 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत राहण्याची शक्यता आहे.' सिस्टरनी ते मनात वाचलं, चष्मा काढला आणि कॅमेऱ्याला सांगितलं, "उद्या नळ येनार नाई. आताच भरून ठेवा. घागरीवर झाकन ठेवजा, नाईतर परवा सगळे हगवनीनं दवाखान्यात यान."

पुढच्या पाच मिनिटांत गावातल्या घागरींचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मुलगा परत कामावर आला नाही. मी बोलावलंही नाही.

तेव्हापासून बातम्या सिस्टरच्या झाल्या. मधेच नसरीनच्या कुकरची शिट्टी झाली की त्या थांबत, शिट्टी संपली की पुढे सांगत. लोकांना त्या शिट्टीची इतकी सवय झाली की एकदा नसरीन माहेरी गेली, तर दोन-तीन घरांतून फोन आले, "आज स्वयंपाक नाई काय तुमच्या घरी? बिघडलं काय काही?" नसरीन आल्यावर मी तिला हे सांगितलं. तिला वाटलं होतं, ती नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. ती त्या दिवसापासून कुकर जरा कॅमेऱ्याच्या बाजूला लावायला लागली.

बातम्या जमवायची सिस्टरची रीत वेगळी होती. सकाळी त्यांच्या अंगणात लोक येत. सिस्टर समोर बसवून आधी माणसाचं मनगट धरत. नाडीवर बोटं ठेवून म्हणत, "हं, आता सांग." आलेला माणूस बातमी सांगे आणि सिस्टर डोळे मिटून ऐकत. मधेच म्हणत, "इथी पळाली. नाडी पळाली तुही. खोटं हाये हे." एकदा एका पक्षाचा कार्यकर्ता आला. साहेबांच्या सभेला प्रचंड गर्दी झाली ही बातमी द्यायची होती.

"किती मानसं होते?" सिस्टरनी मनगट धरून विचारलं.

"हजारो जी."

"नाडी पाय कशी उड्या मारून राह्यली."

"शंभरेक असन."

"अजून उडून राह्यली."

"सिस्टर, स्टेजवरचे धरून सांगू की सोडून?" तो काकुळतीला आला. शेवटी नाडी शांत झाली तेव्हा सभेत मंडपवाला आणि त्याचे सोयरे उरले होते. सिस्टरनी ती बातमी दिली, पण वर त्या पोराला साखरेचं पाणी पाजलं. "खोटं बोलून थकला होता बिचारा," म्हणाल्या.

वाघाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. विटाभट्टीच्या मागच्या नाल्यात वाघ आला अशी बोंब उठली. मी कॅमेरा घेऊन निघालो, तर सिस्टर आधीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत छत्री घेऊन बसलेल्या. "वाघ कोनं पाह्यला, त्याची नाडी पाहाची हाये," म्हणाल्या. वनरक्षकानं आम्हाला ट्रॉलीतून उतरू दिलं नाही. वाघ एका झुडपात होता असं सगळे म्हणत होते. मी झुडपाचं शूटिंग केलं. वाघ काही बाहेर आला नाही. मी ते संध्याकाळी दाखवायला नको म्हणत होतो, पण सिस्टर ऐकेनात.

"हे झुडूप पाहून घ्या," त्या बातम्यांत म्हणाल्या. "वाघ आतमंदी असू शकते, नसू बी शकते. असन तर तो बी आपल्यालेच पाहून राह्यला. पोट्ट्याहो, नाल्याकडे जाचं नाई."

मग आमच्या गावानं श्वास रोखून एक झुडूप बघितलं. बराच वेळ. मधे एकदा वाऱ्यानं पान हललं तर शेजारच्या तीन गल्ल्यांतून एकदम किंकाळी उठली. शेवटी झुडपातून एक तांबडी कालवड बाहेर आली. सिस्टर तात्काळ म्हणाल्या, "हे कालवड कोनाची हाये त्यानं बांधून ठेवा. वाघ असता तर काय झालं असतं?"

लोक हसले. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसांना वाघाचे ठसे सापडले खरे, पण झुडपात नाही. आमचा ट्रॅक्टर उभा होता त्याच्या मागे. सिस्टरनी संध्याकाळी तेही सांगितलं आणि पुढे जोडलं, "म्हंजे तो बी बातमी पाहालेच आलता."

भारनियमनाच्या दिवसांत मात्र पंचाईत झाली. वीज आमच्या जिल्ह्यात तयार व्हायची आणि बघायला मिळायची दुसऱ्यांना. नेमकी सातला गेलेली वीज नऊला येई. मी म्हटलं, थोडे दिवस बातम्या बंद ठेवू. सिस्टरनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाळंतीण टाकून चाललो आहे. त्यांनी ऑटो बोलावला, त्यावर बॅटरीचा भोंगा बांधला आणि गल्लीगल्लीतून बातम्या सांगत निघाल्या. प्रत्येक गल्लीला वेगळ्या. "या गल्लीतल्या बायकांनो, तुमच्या नालीत मच्छर झाले हाये. आनि सकुबाई, सून चार दिवसांची बाळंत हाये, तिले धुनं काऊन देऊन राह्यली तू? म्या दुपारी पाह्यलं." सकुबाईनं अंधारातच आतून दार लावून घेतलं.

एकदा सिस्टर माळीपुऱ्यात असताना मधेच वीज आली. ऑटोभोवतीचे लोक बातम्या बघायला आपापल्या घरी पळाले. इकडे मी सवयीनं कॅमेरा सुरू केला होता. टीव्हीवर नुसती रिकामी खुर्ची, मागे पोपट, आणि अधूनमधून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन जाणारी नसरीन. ती सांबार निवडते, चिरते, परत येते. गावानं तेही शेवटपर्यंत बघितलं. नसरीनला पुढे महिनाभर बाजारात लोक विचारत, "भाभी, त्या दिवशी भाजी कायची होती?"

हे सगळं सात-आठ वर्षं चाललं. मग गावात घरोघरी छोट्या छत्र्या यायला लागल्या आणि माझ्या वायरी एकेक करून सुटायला लागल्या. अशात नागपूरहून एका मोठ्या केबल कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात लॅपटॉप. आता सगळं डिजिटल होणार, कंट्रोल रूम एकच राहणार, गावागावाचं वेगळं चॅनेल ठेवणं परवडत नाही, असं तो समजावून सांगत होता. मला ते पटत नव्हतं, पण अडवण्यासारखंही माझ्याकडे काही नव्हतं. सिस्टर शेजारी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

मला वाटलं, आता सापडला.

बराच वेळ त्या डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "खरं बोलून राह्यला पोट्टा. पन नाडी लय कमजोर हाये. जेवला काय रे?"

तो सकाळपासून जेवला नव्हता. नसरीननं त्याला भाकरी वाढली. वांग्याच्या भाजीवर त्यानं ताव मारला, सिस्टरच्या पाया पडला आणि चॅनेल बंद करून गेला.

शेवटच्या दिवशी मी सिस्टरना म्हटलं, लोकांचा निरोप घ्या, दोन शब्द बोला. त्यांनी काही निरोप घेतला नाही. "येत्या रविवारी पोलिओचा डोस हाये. लेकरायले घेऊन जाजा," एवढं सांगून त्या उठल्या, पोपटांच्या चादरीची घडी घालून नसरीनच्या हातात दिली आणि घरी गेल्या.

मी लोकांच्या घरांवर छोट्या छत्र्या बसवायच्या कामाला लागलो. ज्यांनी धंदा बुडवला, त्यांच्याच छत्र्या. पोट तर भरायचं होतं. एका सकाळी सिस्टरच्या समोरच्या घराच्या छपरावर चढलो होतो. वरून त्यांचं अंगण दिसलं. शेणानं सारवलेलं, कडेला बातमीवाल्यांसाठी ठेवायच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि एका खुर्चीत सिस्टर. इस्त्रीचं पातळ, केस चापून बसवलेले. रस्त्यानं लोक जात होते. "काय सिस्टर, बरं हाये ना?" म्हणत होते आणि पुढे जात होते. कोणी थांबत नव्हतं. थांबायचं काही कारणच राहिलं नव्हतं.

मी उतरून त्यांच्याकडे गेलो. खुर्चीवर बसलो.

"कोनाची वाट पाहून राह्यल्या, सिस्टर?"

"कोनाची नाई." पदरानं बाजूची खुर्ची पुसत म्हणाल्या, "नोकरीत होती तवा कधी बी कडी वाजे. जेवाले बसली की वाजे, आंघोळीले गेली की वाजे. सिस्टर चला, सिस्टर चला. असा राग ये मले! लोकायच्या बायकायचे बाळंतपन करता करता माहं लगन बी राहून गेलं." त्या हसल्या. "रिटायर झाली अन् कडी वाजनंच बंद झालं, बाप्पा. त्या दिवशी तुह्याकडे भांडाले आलती ना, तो टीव्ही चांगला होता माहा. घरात बोलाले कोनी नोतं म्हनून आलती."

आमच्या घरात कुकरच्या शिट्टीत आणि गोंधळात इतकी वर्षं त्या बसल्या, आणि मी समजत होतो की त्या माझ्यावर उपकार करताहेत.

"सिस्टर," मी म्हणालो, "माझं एक काम अडलं आहे. मी वर छत्री फिरवतो तेव्हा खाली टीव्हीत चित्र आलं की गेलं, हे वरून दिसत नाही. खाली टीव्हीसमोर उभं राहून कोणीतरी ओरडून सांगावं लागतं. घरच्या लोकांचा आवाज वरपर्यंत पोचत नाही."

"मग मी काय तुही हेल्पर होऊ?"

"नसरीन म्हणाली, एवढा आवाज गावात दुसऱ्या कोणाचा नाही."

सिस्टर आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. पण त्या चपला घालून, उन्हाची छत्री घेऊन बाहेर आल्या आणि दाराला कुलूप लावलं. "चाल लवकर. वाढई गुरुजीकडूनच सुरू करू. त्याचं बीपी बी पाहाचं हाये."

आता मी छपरावर असतो आणि सिस्टर खाली. पहिल्यांदा "नाई आलं, नाई आलं, हां थोडकं आलं!" असा आवाज येतो. मग घरची बाई चहा ठेवते. मग एकदम खालचा आवाज बंद होतो आणि थोड्या वेळानं सिस्टरचं बोलणं, कोणा लेकराचं रडणं, त्याला दोन्ही हातांत उलटसुलट करून बघताना त्या करतात ते चुचकारणं वर ऐकू यायला लागतं. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा पोरगा पुण्याला लागला, सगळं निघतं. शेजारच्या बायकाही येऊन बसतात.

"सिस्टर, आलं का चित्र?" मी वरून विचारतो. खालून नुसता हसण्याचा आवाज येतो.

सिग्नल दाखवणारं एक छोटं मीटर मिळतं. ते छत्रीला लावलं की खाली कोणाची गरज लागत नाही. माझ्याकडे ते आहे. मी ते पिशवीच्या तळाशी ठेवतो. चित्र आलेलं असलं तरी छत्री बोटभर बाजूला फिरवून देतो आणि कौलांवर बसून राहतो, खालच्या गप्पा संपेपर्यंत.